सायकलस्वाराने नाकास फडके बांधावे काय?

ज्यांना दमा आहे आणि ज्यांच्यापाशी सायकलही आहे, अशा इसमांसाठी हे निवेदन आहे. दोहोंपैकी एकच गोष्ट ज्यांच्यापाशी असेल त्यांनीही ते वाचण्यास माझी हरकत नाही. मी वैद्यकी जाणत नाही. जळगावच्या कोर्टात तीस वर्षे नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. न्यायाधीशांसमोर कागद नीट लावून ठेवणे हे माझे काम होते, आणि जे कागदावर नाही ते घडलेच नाही असे मानण्याची सवय त्या कामाने मला लागली. म्हणून माझ्यावर जे गुदरले ते कागदावर आणतो. त्यात कोणाचे भले झाले तर उत्तम. न झाले तर निदान माझ्या फडक्यावरून गावात जी चेष्टा चालू आहे, तिला लेखी उत्तर दिल्यासारखे होईल.

फाटकाजवळ

निवृत्त झाल्यावर मी घरी बसलो नाही. ज्यांना अर्ज लिहिता येत नाहीत त्यांचे अर्ज लिहून देण्याचे काम मी पत्करले. कोणा विधवेचे निवृत्तिवेतन अडले, कोणाच्या वारसाची नोंद राहिली, कोणाचा शाळेचा दाखला हरवला, की निरोप येई आणि मी सायकलवर टांग टाकून निघे. दिवसाकाठी चार-चार वस्त्या होत. उरलेल्या वेळात मी स्वतःची पत्रे लिही: उघड्या गटारांविषयी, दिवा न लावता हाकलेल्या टांग्यांविषयी, अवेळी वाजणाऱ्या भोंग्यांविषयी. ज्या कचेऱ्यांत ती पत्रे जात तेथील कारकून पाकिटावरचे अक्षर पाहूनच कपाळाला हात लावीत, असे मला खात्रीलायक समजले आहे.

खोकला दोन वर्षांपासून होता. सर्वांना नोटिसा पाठवणाऱ्या मी त्याला मात्र कधी नोटीस दिली नव्हती.

पौषातील सकाळ होती. कापसाचा हंगाम भरात होता आणि रेल्वेचे फाटक बंद होते. मालगाडीचे इंजिन फाटकातच धूर ओकीत उभे होते. माझ्यापुढे कापसाने शिगोशीग भरलेली एक मालमोटार उभी होती. तिच्यावर ताडपत्री नव्हती. वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेसरशी कापसाचे तंतू उडत आणि माझ्या नाकातोंडात शिरत. मी सायकल उभी केली, ड्रायव्हरच्या दाराशी गेलो आणि उघड्या मालाच्या वाहतुकीविषयी चार शब्द सुनावण्यासाठी तोंड उघडले.

शब्द निघाला नाही. आयुष्यात प्रथमच मी भांडण्यासाठी तोंड उघडले आणि त्यातून नुसती शिटी वाजली. छातीवर कोणी जाते ठेवावे तसे झाले. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला.

"बाबा, काय झालं? बोला ना काहीतरी! शिव्या द्या पाहिजे तर!"

ज्याला झापायला मी आलो होतो, तोच माझी पाठ चोळू लागला. तेवढ्यात शेजारच्या पेढीतून चंपालालशेठ धावत आले. हे राजस्थानातून आलेल्या जैन कुटुंबातले कापसाचे व्यापारी, माझ्याच वयाचे, आणि पंचवीस वर्षांचे माझे स्नेही. माझ्याकडे क्षणभर पाहून ते ड्रायव्हरला म्हणाले, "नाना बोलत नाहीत म्हणजे मामला गंभीर आहे. टांगा थांबव."

फोटो

माझी मुलगी कुसुम धुळ्यास दिलेली आहे. तेथे छातीच्या विकारांचे एक चांगले डॉक्टर आहेत असे तिने कळवले, आणि दुसऱ्याच दिवशी मला धुळ्याला नेऊन त्यांच्या दवाखान्यात दाखल केले. छातीचा फोटो काढला गेला. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार होता.

ती वाट पाहणे मी कोणाही शत्रूला देणार नाही. क्षयाने गेलेली माणसे मी पाहिली होती. त्यांची ताटे-वाट्या वेगळ्या मांडलेल्या, घरातील माणसे दारातून बोलणारी. मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मृत्युपत्राचा मसुदा केला. घर पत्नीला, पुस्तके जावयांना, घड्याळ कुसुमला. सायकलीपाशी पेन थांबले. पुष्कळ नावे आठवून पाहिली; एकही योग्य वाटले नाही. शेवटी तेथे रेघ ओढून ठेवली.

सकाळी डॉक्टर आले. वयाने कुसुमएवढे, आवाज मृदू. फोटो खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "नाना, क्षय नाही. दमा आहे. जुना खोकला, त्यात रस्त्यावरची धूळ, धूर, कापसाचे तंतू. तुम्ही बरे व्हाल."

पत्नी यशोदा हिने हात जोडले. मलाही तसेच करावेसे वाटले. पण डॉक्टरांचे बोलणे संपले नव्हते.

"फक्त सायकल सोडावी लागेल."

मी म्हणालो, "हुकूम लेखी द्या. कारणांसह."

"कारण मला इथे तीन हातांवरून ऐकू येतंय," ते माझ्या छातीकडे बोट दाखवून म्हणाले. "तुम्ही श्वास घेता तेव्हा."

शेजारची खाट

मला अठरा दिवस तेथे राहावे लागले. पहाटे सिस्टर थर्मामीटर घेऊन येई. मग डोक्यावरून घोंगडी घेऊन वाफारा, मग चहा, मग शिरेतून इंजेक्शन, ज्यानंतर हृदय कोर्टातल्या टाइपरायटरसारखे धडधडे आणि हळूहळू छाती सुटे. पहिले चार दिवस मी उशांचा ढीग करून बसूनच झोपलो. पाचव्या दिवशी दुपारी आडवे पडून झोप लागली. आडवे पडणे ही एवढी मोठी चैन आहे हे साठी उलटल्यावर मला कळले.

शेजारच्या खाटेवर सुकलालभाऊ होता. दोंडाईचाच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, त्याने बावीस वर्षे यंत्रात कापूस घातला होता. त्याची छाती माझ्यापेक्षा जुनी दुखणाईत, आणि स्वभाव माझ्या उलट. सकाळी उठल्याबरोबर तो स्वतःच्या श्वासाला कान लावी आणि आपल्या अहिराणीत जाहीर करी, "नाना, आज मन्हा बाजा भारी शे. तुमना बाजा कसा वाजस?" मी माझा वाजवून दाखवी. मग कोणाची पेटी सुरात आहे यावर आमचा वाद होई.

सातव्या दिवशी मी एका दमात संपूर्ण वाक्य बोललो. ते वाक्य असे होते: "सिस्टर, हा चहा थंड असून तो गरम असल्याचे भासवून मला देण्यात आलेला आहे." सर्व खोलीने टाळ्या वाजवल्या. सिस्टरने प्रथम डोळे वटारले, मग तीही हसली आणि गरम चहा घेऊन आली. माझ्या आजवरच्या तक्रारींपैकी इतक्या जलद निकाली निघालेली ही एकच.

सायकलीविषयी मी डॉक्टरांना रोज एक चिठ्ठी लिहीत होतो. धूळ रस्त्यावर आहे, सायकलीत नाही. पायी चालणारा तीच हवा अधिक वेळ ओढतो. सबब हुकूम सदोष आहे. डॉक्टर चिठ्ठ्या खिशात घालीत आणि हसत.

सुकलाल एकदा म्हणाला, "नाना, तुमनं भांडण डॉक्टरसंगे शे का सायकलसंगे?"

"हवेशी आहे," मी म्हणालो.

"मंग तोंडले फडकं बांधा ना! जिनमा बठ्ठा बांधतस. मी नही बांधं. बावीस वरीस तंबाखू खावाले तोंड मोकळं ठेवं, म्हणीसन आठे पडेल शे." (बठ्ठा म्हणजे सगळे, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.) आणि इतका हसला की त्याला इंजेक्शन द्यावे लागले.

मी डॉक्टरांना विचारले. ते विचारात पडले. म्हणाले, "फडक्यानं मोठी धूळ आणि तंतू अडतील. धूर अडणार नाही. उपयोग होईल असं खात्रीनं सांगत नाही, होणार नाही असंही सांगत नाही."

असा निकाल खालच्या कोर्टानेही कधी दिला नसेल. पण त्यात मला अपिलाला जागा दिसली.

यशोदेच्या अटी

घरच्या मंडळींनी मात्र निकाल लावून टाकला होता. कुसुमने परस्पर ठरवले होते की सायकल जावयांना द्यावी. जावई शाळामास्तर, शाळा घरापासून लांब. सर्व सोयीचे होते. मी चिडलो. मी म्हणालो, माझ्या हयातीत माझी मालमत्ता वाटून घेणे हे कोणत्या कायद्यात बसते?

त्यावर यशोदा बोलली. तेहतीस वर्षांत ती माझ्याशी त्या स्वरात बोलली नव्हती.

"दोन वर्षं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबत होतात तुम्ही. पिशवीतलं काहीतरी शोधल्यासारखं करायचात. मला दिसत नव्हतं का? गावभर पत्रं लिहिता. मला एक चिठ्ठी लिहिली असती, की दम लागतो म्हणून."

कोर्टात तीस वर्षे मी साक्षी ऐकल्या आहेत. खरी साक्ष कशी असते ते मला कळते. कायद्याचा मुद्दा मी तेथेच सोडून दिला.

नंतर तिनेच विचारले, "तुम्हाला खरंच एवढी हवी आहे ती सायकल?"

मी सांगितले, सायकल असली तर मी नाना शिरस्तेदार आहे, लोक मला बोलावतात आणि मी जातो. सायकल नसली तर मी ओट्यावर बसलेला एक खोकणारा म्हातारा आहे, आणि ज्यांचे अर्ज लिहायचे आहेत त्यांना माझ्या ओट्यापर्यंत येणेही जमत नाही. हे मी प्रथमच मोठ्याने बोललो.

तिने कागद मागितला. अटी तिने सांगितल्या, मी लिहिल्या. "दम लागला तर लपवायचं नाही. हे आधी लिहा." ते पहिले कलम. दुसरे: नाकाला फडके बांधल्याशिवाय सायकलवर बसायचे नाही. तिसरे: दोन महिन्यांत एकदा जरी दम लागून रस्त्यात उतरावे लागले तरी सायकल जावयांच्या स्वाधीन. दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून सुकलालने अंगठा उठवला आणि वर म्हणाला, "आक्का, तुमी वकील व्हवाले पाहिजे व्हतात."

मुहपत्ती

जळगावला परतल्यावर यशोदेने माझ्या जुन्या मलमलीच्या धोतराची चार पदरी फडकी शिवली, नाड्या लावल्या, आणि पंधरा दिवसांच्या विश्रांतीनंतर मी सायकल बाहेर काढली.

गावाने जे केले ते येथे थोडक्यात नमूद करतो. पोरे मागे धावली. पानाच्या ठेल्यावरून कोणी "डाकू आला!" अशी आरोळी ठोकली. चौकातल्या हवालदाराने हात आडवा केला.

"तोंडावरचं काढा."

"कोणत्या कलमाखाली?" मी फडक्याआडून विचारले.

तो दचकून बाजूला झाला. "अरे, नाना का! जा, जा. कलम ऐकलं की ओळख पटते."

सर्वांत जोराने हसले ते चंपालालशेठ. त्यांच्या धर्मातील साधुमहाराज तोंडावर पांढरी मुहपत्ती बांधतात, हे जळगावात सर्वांना माहीत आहे. पेढीच्या पायरीवरून ते हात जोडून म्हणाले, "नाना, आमचे महाराज जन्मभर पायी चालतात हो. मुहपत्ती बांधून सायकलवर बसलेले महाराज मी आज पहिल्यांदा पाहिले!"

मी उतरून त्यांना म्हणालो, "शेठजी, आपले महाराज हवेतल्या जिवांना इजा होऊ नये म्हणून बांधतात. मी हवेतल्या आपल्या कापसाने माझ्या जिवाला इजा होऊ नये म्हणून बांधतो. फरक ध्यानात ठेवावा." शेठजींचे हसू थोडे कमी झाले, पण थोडेच.

चेष्टेचे मला काही वाटले नाही. खरे संकट निराळेच होते. फडके बांधले की मला श्वास घेता येईना. पहिल्या दिवशी थोडे कोंदल्यासारखे झाले, दुसऱ्या दिवशी अधिक. पाचव्या दिवशी कोर्टाच्या रस्त्यावर डोळ्यांपुढे काळोखी आली. मी उतरलो, फडके ओरबाडून काढले आणि निंबाच्या झाडाखाली बसून राहिलो.

वास्तविक पाहिले कोणीच नव्हते. घरी येईपर्यंत दम लागणे आणि दम कोंडणे यांत कायद्याच्या दृष्टीने काय भेद आहे याची जुळवाजुळव मी करीत होतो. दारात यशोदा दिसली आणि पहिले कलम आठवले. मी सांगून टाकले.

तिला आनंद झाला नाही, हे मी शपथेवर सांगतो. ती नुसती म्हणाली, "सोमवारी तपासणीला धुळ्याला जायचंच आहे. सायकल एस.टी.च्या टपावर टाकू."

टपावरची सायकल

सोमवारी सायकल टपावर बांधली. कंडक्टरने विचारले, "सायकल कुठं चालली?" यशोदा म्हणाली, "सासरी." सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला टपावर तिची घंटी आपोआप वाजे, आणि दर वेळी मी टपाकडे मान वर करी. खिशात मी डॉक्टरांसाठी पत्र लिहून ठेवले होते. त्याचा पहिला परिच्छेद असा होता: "सायकलस्वारांसाठी फडके हा उपाय नसून अपाय आहे, असा माझा स्वानुभव असून, आपण तो आगाऊ सांगितला नाही याचा मी तीव्र निषेध करतो."

स्टँडवर जावई उभे होते. सायकल धरून आम्ही दवाखान्यापर्यंत चालत गेलो. ओसरीतल्या बाकावर तपासणीसाठी सुकलालही येऊन बसला होता. मला पाहून तो उठला, सायकल पाहून खाली बसला.

"नाना! हारनात का?"

मी फडके त्याच्या हातात दिले. त्याने ते चाचपले. कानाशी धरून वाकवले. कडकन आवाज झाला.

"नाना, हाई फडकं शे का पापड?"

"म्हणजे?"

"यामाईन वारा कसा जाई? बठ्ठी खळ भरेल शे!"

मी यशोदेकडे पाहिले. यशोदेने माझ्याकडे पाहिले. येथे खुलासा करणे प्राप्त आहे. नोकरीत लागल्यापासून माझा शिरस्ता असा की अंगावरचा जो कपडा घराबाहेर जाईल त्याला खळ घातलीच पाहिजे. टोपी, सदरा, उपरणे, रुमालसुद्धा. तेहतीस वर्षांपूर्वी हा हुकूम मी तिला दिला होता आणि तिने तो एकदाही मोडला नव्हता. फडके घराबाहेर जाणार होते. तिने त्याला खळ घातली, उन्हात कडक वाळवली आणि वरून इस्त्री फिरवली. चार पदर, प्रत्येकाला भाताच्या पेजेचे लिंपण. मी पाच दिवस नाकापुढे भिंत बांधून सायकल चालवीत होतो.

प्रथम यशोदा हसली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, तुम्हीच सांगितलं होतं!" याखेरीज तिला काही बोलता येईना. डॉक्टर बाहेर आले, काय प्रकार आहे ते ऐकून त्यांनी ते फडके स्वतःच्या तोंडावर बांधले. अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा लाल झाला. "नाना, यानं मलाही दमा होईल!"

माझ्या खिशातले निषेधाचे पत्र मी तेथेच फाडले. माझ्या हातून फाटलेले ते पहिलेच पत्र.

"आता तिसऱ्या कलमाचं काय?" मी यशोदेला विचारले. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला होता.

तिने डोळे पुसले. "दम तुम्हाला दम्यानं लागला नाही, खळीनं लागला. मुदत आजपासून पुन्हा मोजायची."

जावई इतका वेळ सायकलीचे हँडल धरून उभे होते. ते घसा खाकरून म्हणाले, "नाना, खरं सांगू का? मला सायकल येतच नाही. कुसुम इतकी उत्साहानं बोलत होती, नाही म्हणवलं नाही." आणि त्यांनी हँडल माझ्या हातात दिले. इतका सज्जन जावई खानदेशात दुसरा नसेल.

पुरावा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पुढील दोन महिने मी मऊ, बिनखळीचे, रोज धुतलेले फडके बांधून सायकल चालवली. एक फडके नाकाला आणि तसेच दुसरे हँडलला, मोकळे. संध्याकाळी यशोदा दोन्ही उजेडात धरून पाही. कापसाच्या पेठेतून आलो की नाकावरच्या फडक्याचा बाहेरचा पदर तंतूंनी मळलेला असे आणि आतला बराचसा स्वच्छ; हँडलवरचे मोकळे फडके मात्र सगळेच मळलेले. म्हणजे तंतू आणि जाड धूळ अडते. फाटकापाशी इंजिनाच्या धुरात उभा राहिलो, की फडके असूनही घशाला धुराची चव लागे आणि खोकला येई. म्हणजे धूर अडत नाही. डॉक्टर म्हणाले होते तेच निघाले. पण आता ते पुराव्यानिशी निघाले.

मात्र एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. नाक माझे, दमा माझा, फडकेही मीच बांधायचे, आणि उघडा कापूस उधळीत जाणारी मालमोटार मोकळी? हा कोणता न्याय? फडके बांधायचेच तर ते मालमोटारीला बांधा. तिच्या फडक्याला ताडपत्री म्हणतात. मी एका कचेरीस सात कलमी पत्र लिहिले आणि सोबत पुरावा म्हणून एका दिवसाचे मळलेले फडके जोडले. तीन आठवड्यांनी उत्तर आले: "आपले पत्र व सोबतचे एक फडके पोहोचले. पत्र योग्य त्या विभागाकडे पाठविले आहे. फडके कोणत्या विभागाचे हे ठरत नसल्याने ते परत करीत आहोत."

या उत्तराने मी इतका संतापलो की ते वाचून दाखवायला तडक चंपालालशेठ यांच्या पेढीवर गेलो. पूर्वी असा संताप आला की छाती भरून येई. त्या दिवशी मी सबंध पत्र मोठ्याने, हातवारे करीत, एका सुरात वाचले आणि शेवटी लक्षात आले की मला दम लागलेला नाही. मी वाचता वाचता थांबलो आणि हसू लागलो. शेठजींना वाटले नानांचे डोके फिरले.

त्यांनी फडके हातात घेतले. उलटसुलट करून पाहिले. बोटांनी एक तंतू काढला आणि जाणत्या व्यापाऱ्याच्या सवयीने दोन्ही हातांनी ओढून त्याची लांबी पाहिली.

"नाना, हा माझाच माल आहे," ते हळूच म्हणाले. "हा विकायचा कापूस. तुमच्या नाकात जायचा नव्हे."

दुसऱ्या दिवसापासून शेठजींच्या मालमोटारींवर ताडपत्री आली. इतर व्यापाऱ्यांशी माझा पत्रव्यवहार चालू आहे.

निवाडा

सायकलस्वाराने नाकास फडके बांधावे काय? माझे उत्तर: धूळ आणि तंतू उडतात तेथे बांधावे. मऊ असावे, रोज धुवावे, आणि त्याला खळ घालू नये, नवऱ्याने कितीही जुना हुकूम दिलेला असला तरी. धुराच्या ठिकाणी फडक्यावर विसंबू नये. दहा मिनिटे लांबच्या रस्त्याने जावे. फाटक बंद असेल तर इंजिन जाईपर्यंत मागे थांबावे. आणि ज्याच्या मालाने धूळ उडते त्याला फडके बांधायला लावण्याचा हक्क सोडू नये. यशोदेचे मत थोडे निराळे आहे. ती म्हणते, फडक्याचा खरा गुण असा की ते बांधल्यावर रस्त्यात कोणाशी भांडता येत नाही, आणि ह्यांचा निम्मा दमा त्यानेच गेला. हे मत मी निवाड्यात नोंदवले आहे. मान्य केलेले नाही.

दोन महिन्यांची मुदत निर्विघ्न सरली. शेवटच्या तपासणीला आम्ही धुळ्याला गेलो तेव्हा सायकल जळगावातच, माझ्या दारात उभी होती. डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ऐकली. मी म्हणालो, "पूर्वीचा हुकूम आपण तोंडी दिला होता. आता जो द्याल तो लेखी द्या. घरी दाखवायचा आहे."

डॉक्टरांनी हसत औषधाचा कागद ओढला आणि नेहमीच्या गोळ्यांच्या खाली सुवाच्य अक्षरात लिहिले: "सायकल. रोज सकाळी एकदा, काही खाऊन झाल्यावर. सपाट रस्त्याने. सावकाश."

मी तो कागद यशोदेला दिला. तिने दोनदा वाचला, घडी घातली, आणि घरी आल्यावर देवघराशेजारच्या फळीवर माझ्या गोळ्यांच्या बाटलीखाली ठेवला. तेव्हापासून रोज सकाळी मी न्याहारी करून उठलो की ती स्वतः फडके आणून माझ्या हातात देते आणि दारातून म्हणते, "अहो, औषधाची वेळ झाली."

औषध कोर्टाच्या रस्त्याने निघते, पेठेला वळसा घालते आणि ज्यांचे अर्ज राहिले आहेत त्यांच्या दारी थांबते. प्रमाण रोज एकदाच असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि लेखी हुकमाबाहेर मी सहसा जात नाही. तरी पहिल्या कलमाप्रमाणे काही लपवायचे नाही असे ठरले असल्याने कबूल करतो, की काल सकाळी हवा फार छान होती आणि मी दोन मात्रा घेतल्या.